पडणाऱ्या दातांचे डॉक्टर

लातूरला आमचे जे घरमालक होते ते दातांचे डॉक्टर होते, आणि लहान मुलाला ते कधीही ‘आ कर’ म्हणायचे नाहीत. स्वतः आ करायचे. मुलाला त्या मोठ्या खुर्चीत चपलांसकट बसवायचे, आपण समोरच्या लाकडी स्टुलावर बसायचे आणि जबडा उघडून म्हणायचे, “बघा साब, किती हायत?”

साब म्हणजे साडेतीन-चार वर्षांचा, नाक वाहणारा इसम. तो आधी आईकडे बघायचा, मग भिंतीकडे, आणि शेवटी नाइलाजानं डॉक्टरांच्या तोंडात. मोजायचा. कुणी बारा म्हणायचं, कुणी सत्तर.

“सत्तर? बरोबर. काल अडुसष्टच होते. दोन रात्रीतून आले वाटतं.”

एवढं झालं की डॉक्टर मुलाला सलाम करायचे आणि पहिली भेट संपायची. बाप गडबडून म्हणायचा, “डॉक्टर, दात बघायचे होते ना?”

“बघितले की.”

“कुणाचे?”

“माझे.”

आणि हे चालायचं लातूरमध्ये. म्हणजे अशा गावात, जिथं त्या वर्षांत कुणालाच कशालाच वेळ नव्हता. आमच्या गल्लीत पहाटे कोंबड्याच्या आधी पहिल्या बॅचची पोरं जागी व्हायची. दोन घरांआड क्लास, क्लासाला लागून मेस, मेसला लागून झेरॉक्स, आणि प्रत्येक खांबावर मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे फोटो. भूकंपानंतर जी माणसं स्लॅबखाली झोपायला तयार नव्हती, त्यांनीच आता घरावर मजल्यावर मजले चढवून वर होस्टेलं केली होती. माणूस कशानंही बदलत नाही म्हणतात ते खोटं आहे. भाडेकरू मिळाला की बदलतो.

मी त्या कारखान्यातला एक कामगार. भौतिकशास्त्र शिकवायचो. ज्या प्रवेशपरीक्षेत मी स्वतः दोनदा आपटलो होतो ती कशी काढायची, हे मी फळ्यासमोर उभं राहून अतिशय आत्मविश्वासानं सांगायचो. बायको त्याच क्लासात रसायनशास्त्र शिकवायची. ती मात्र खरीच हुशार होती. हे तिनं मला पुष्कळदा सांगितलेलं आहे.

गल्लीतल्या सगळ्यांनी वरचे मजले विद्यार्थ्यांना दिले होते. डॉक्टरांकडं जागा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मी काय करतो, कुठला, कोणाचा, काही विचारलं नाही. “लेकरू हाय का घरात?” एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर किल्ली दिली. पुढं कळलं, माझ्या आधी आलेल्या एका नवविवाहित बँकवाल्याला त्यांनी ‘दोन-चार वर्षांनी या’ म्हणून परत पाठवलं होतं.

ते मूळ देगलूरचे. घरात दखनी, शेजारी तेलुगू, बाजारात कानडी आणि शाळेत मराठी अशा चार ताटांत जेवून मोठे झालेले. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वडिलांची ती डोळ्यात अडकवायची भिंगाची नळी डॉक्टर अजून वापरायचे, आणि ती लावून दाताकडं बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आता हा दात किती वाजलेत ते सांगणार. उंच, किडकिडीत, नेहमी पांढरा शुभ्र शर्ट. शुभ्र म्हणजे सकाळी दहापर्यंत. किडलेल्या दाताला ते चांदीचं एक औषध ब्रशनं लावायचे. दिसायला पाण्यासारखं, पण जिथं पडेल तिथं थोड्या वेळानं काळाकुट्ट डाग, आणि तो कशानं म्हणजे कशानं जायचा नाही. त्यांच्या शर्टांवर ठिपके, बोटांची टोकं कायम काळपट.

“लोगां के मियाँ पान खाके शर्ट खराब करते,” त्यांच्या बायकोला सगळे भाभी म्हणत, त्या भाभी माझ्या बायकोला सांगायच्या, “आमच्या डॉक्टरनं जिंदगीत पान खाल्लं न्हाई. आन शर्ट बघ बेटा!”

मोठ्या माणसांच्या दातांत त्यांना रस नव्हता. संध्याकाळी दार लावून, ड्रिलचा आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं, ते मोठ्यांची कामं उरकायचे. खरा दवाखाना सकाळचा, मुलांचा. तिथं येणारा प्रत्येक बाप पहिल्यांदा एकच वाक्य म्हणायचा, “दुधाचेच हायत ना डॉक्टर, पडणारच हायत.” हे ऐकलं की डॉक्टर भिंग काढून ठेवायचे.

“आपणबी पडणारच हावोत. म्हणून सकाळी जेवला न्हाईत का?”

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मात्र भाडेकरू म्हणून नाही. भूकंपाच्या वर्षी मी लातूरला कॉलेजात होतो. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे गावंच्या गावं खाली बसली. नंतर थंडी पडायला लागली तेव्हा आम्हा पोरांना किल्लारीकडच्या एका गावी घोंगड्या वाटायला नेलं होतं. तोवर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या होत्या. हातपाय जोडणारे डॉक्टर येऊन गेले होते. दात राहिले होते. दुखऱ्या दातांची मुलं रात्रभर रडतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून हा उंच माणूस गाडीत ड्रिल आणि जनरेटर घालून आला होता.

शेडमध्ये एका मुलाला बाकावर आडवं केलं आणि जनरेटर सुरू झाला. जमीन घुरघुरली, वरचा पत्रा थरथरला. आणि शेड रिकामी झाली. कुणी किंचाळलं नाही, हेच वाईट होतं. बायांनी लेकरं उचलली, एका म्हातारीनं पाण्याची कळशी उचलली, आणि सगळे मुकाट्यानं बाहेर जाऊन आभाळाखाली उभे राहिले. बाकावरचा मुलगाही. डॉक्टरांनी जनरेटर बंद केला.  मग त्यांनी बॅगेतून दोन बारीक हत्यारं काढली, टोकाला अगदी एवढुसा चमचा असलेली, आणि माझ्याकडं बोट केलं.

“तू. ताट आण एक. स्टीलचं.”

दारात उभं राहून उन्हाची तिरीप ताटावर घेऊन आत पाडायची, हे माझं काम. भूकंपग्रस्तांसाठी मी केलेली ठळक समाजसेवा म्हणजे ताट धरणं, तेही रिकामं. समोर एक मुलगी तिच्या मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिला पाठीवर आडवं व्हायचं नव्हतं, म्हणून कुशीवर. डॉक्टर मऊ झालेली कीड तेवढी चमच्यानं हळूहळू खरवडत होते, चांगल्या दाताला धक्का न लावता. मग त्यांनी पांढरं सिमेंट मळलं, खड्ड्यात भरलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. माझा हात भरून आला, ताट हललं, प्रकाश मुलीच्या डोळ्यांवर गेला तरी ती हलली नाही. झोपली होती. तोंड उघडं ठेवून.

जनरेटर त्यांनी परत नेला नाही. शेडीत बल्ब लावून द्या म्हणाले. आणि त्यानंतर लहान मुलाच्या दाताला त्यांनी ड्रिल लावलं नाही. हा प्रसंग मी त्यांना वर राहायला गेल्यावर सांगितला, तर म्हणाले, “तो तुम्ही होते? ताट लई हलवत होते.”

आता आमच्या सईबद्दल. सई तेव्हा चार वर्षांची. मी आणि बायको पहाटेपासून फळ्यासमोर, म्हणून तिच्या बाटलीत दूध, दुधात साखर, आणि दुपारी गप्प बसावी म्हणून चहात बुडवलेली बिस्किटं. व्हायचं ते झालं. पुढचे दात कडेनं तपकिरी, आणि डावीकडच्या एका दाढेत खड्डा. घरमालक खाली दातांचे डॉक्टर, आणि आम्ही शहाणे तिला घेऊन गेलो नांदेडला, कारण सासुरवाडी तिथं होती आणि मेव्हण्याच्या ओळखीचा दवाखाना भारी होता. ‘एका बैठकीत काम’ अशी पाटी. एकानं हात धरले, एकीनं डोकं, मी पाय. ड्रिल सुरू झालं आणि सई चावली. काम अर्धं राहिलं. त्या दिवसापासून तिनं तोंड उघडणं बंद केलं. जेवायला उघडायची, तेही एका बाजूनं, चोरून. ब्रश दिसला की ओठ घट्ट.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, “दुधाचे दात पडतात सर. दुधातली भीती पडत न्हाई.”

“मग ती दाढ काढूनच टाकू या ना. पडणारच—” मी जीभ चावली.

“तुमच्या क्लासात रिपीटर असतात ना सर? एक पोरगं जागा सोडतंय, दुसरं येतंय. ही दाढ अकराव्या वर्षापत्तुर बसली पाहिजे. तिनं जागा धरली तर खालच्या दाताला जागा भेटते. आताच उठवली तर शेजारचे सरकून बसतेत. मग खालचा येऊन कुठं बसंल? तुमच्या मांडीवर?”

मला हे पटलं. क्लासात पहिल्या बाकावरून अशा मारामाऱ्या मी रोज सोडवायचो.

“पण खड्डा खोल हाय,” ते पुढं म्हणाले. “थंडी सरायच्या आत पोरीनं तोंड उघडलं पाहिजे. सूज आली की माझ्या हातात काय राहत न्हाई. मग हैदराबाद, बेशुद्ध करून काढणं.”

बायको घाईनं म्हणाली, “आता आम्ही धरतो डॉक्टर. दोन मिनिटांचं तर काम.”

“धरा,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “पण दुसऱ्या डॉक्टरकडं.”

तेव्हापासून सईच्या दाढेला आमच्या घरात परीक्षेसारखी तारीख लागली. सकाळपासून आम्ही दोघं क्लासात, म्हणून ती खाली भाभींजवळ असायची आणि तिथून दवाखान्यात. कोपऱ्यात उभं राहून बघायची. डॉक्टर तिला कधी बोलवत नव्हते, खुर्चीत बस म्हणत नव्हते, तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते. आठवडे चालले. मला धीर कुठला? मी पेशानं रिझल्ट देणारा माणूस. मी घरी क्रॅश कोर्स सुरू केला. आरसा घेतला, स्टॉपवॉच घेतलं. जितका वेळ तोंड उघडं राहील त्यानुसार बक्षीस. बक्षीस म्हणजे चॉकलेट.

भाभींनी ते बघितलं आणि खाली सांगितलं. डॉक्टर जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत.

“सर, आग विझवणाऱ्याला रॉकेलचा डबा बक्षीस देतेत का तुमच्यात?”

“नाही, पण ती उघडायला लागली होती. सहा सेकंद!”

“सहा सेकंद माझ्यासाठी न्हाई उघडलं तिनं. चॉकलेटसाठी उघडलं. मी काय चॉकलेट हाय?”

बायको मागं तोंडात पदर धरून हसत होती. ती माझ्या बाजूची असते, फक्त लगेच नसते.

थंडी ओसरायला लागली. सई डाव्या गालाला हात लावून झोपायला लागली. भाभींनी बायकोला हळूच सांगितलं की डॉक्टर नीट जेवत नाहीत, ‘पोरगी उघडंना’ म्हणून ताटावरून उठतात. आम्हाला हे नवीन होतं. आम्हाला वाटायचं, ते निवांत आहेत.

मग ती दुपार. पेशंट नव्हते. डॉक्टर मुलांच्या खुर्चीत आडवे होऊन झोपले होते, तोंड उघडं. सईनं स्टूल ओढलं, वर चढली, टेबलावरचा तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला आणि त्यांच्या तोंडात घातला. भाभी दारातून बघत होत्या. सांगताना अजून त्यांना हसू आवरायचं नाही.

“डॉक्टर, उठा. तुमच्या दाताला कीड लागली.”

आणि खरंच होती. मागच्या वरच्या दाढेत. एवढी वर्षं लोकांची मुलं ज्या तोंडात दात मोजत होती, तिथं ती कुणाला दिसली नव्हती. डॉक्टर उठून बसले.

“हौ मॅडम. ठाऊक हाय.”

“मग दाखवली का नाही?”

“भीती वाटते.”

“कुणाची?”

“डॉक्टरची.”

सई विचार करत उभी राहिली. हे कारण तिला रास्त वाटलं असावं. मग म्हणाली, “ते काळं पाणी लावून देऊ?”

त्यांनी ब्रशवर थेंब घेतला, तिच्या हातात दिला आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. दाढेला लागलं, ओठालाही लागलं, हनुवटीलाही. मग त्या आपण होऊन खुर्चीत बसल्या, आमच्या मॅडम. “आता माझे लावा,” म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

मी संध्याकाळी आलो तेव्हा डॉक्टरांच्या खालच्या ओठावर काळा डाग, हनुवटीवर शाई सांडल्यासारखा ओघळ, आणि ते तसेच पेशंट तपासत बसलेले. आठ-दहा दिवस तो डाग गेला नाही. येणारा जाणारा विचारायचा, “डॉक्टर, हे काय?” तर म्हणायचे, “नवीन डॉक्टरीण शिकून राहिलीय. हात बसायचाय अजून.”

ते खरंच झोपले होते की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. बायको म्हणते नाटक. मी म्हणतो, झोप होती. कारण मी स्वतः रोज दुपारी तसाच झोपतो आणि मला कुणी कलाकार म्हटलेलं नाही.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सईच्या पुढच्या दातांचे किडके भाग काळेभोर झाले. औषधाचा गुणच तो. जिथं कीड, तिथं काळं. काळं झालं म्हणजे कीड थांबली. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि पोरीनं हसणं वेगळं. बायको तिला उचलून खाली गेली.

“पोरीच्या तोंडात काजळ घातलं हो तुम्ही! भावाचं लग्न आलंय माझ्या. फोटो निघणार, लोक काय म्हणतील?”

बाकावर कंधारहून नातवाला घेऊन आलेली एक म्हातारी बसली होती, बोळक्या तोंडाची. ती खदखदा हसली. “कायकू रडती गे माय? आमच्या टायमाला मिस्सी लावून दात काळे केल्याबिगर नवरीला कुणी नवरी म्हणत न्हवतं. तुझ्या पोरीचं फुकटात झालं!”

बायको हसली नाही, पण बसली. डॉक्टर तिच्यासमोर स्टूल घेऊन आले.

“मॅडम, पांढरं करून देणारे लई हायत. मी थांबवून देतो. हे दात दोन-तीन वर्षांत जातील, काळ्यासकट. पोरगी तोवर हसंल का, एवढं बघा. हसली तर काळं कुणाला दिसत न्हाई.”

मामाच्या लग्नात सई प्रत्येक फोटोत हसली आहे. अल्बममध्ये त्या पांढऱ्या हार-तुऱ्यांत तिचे दात तेवढे ठसठशीत दिसतात. तो अल्बम मी अजून काढून बघतो. नवरा-नवरीचं नाव विचाराल तर जरा आठवावं लागेल.

राहिली दाढ. आधी दोन दातांच्या फटीत त्यांनी रबराची बारीक कडी अडकवून ठेवली, जागा व्हावी म्हणून. दोन-तीन दिवसांनी कडी काढली आणि एक लखलखीत स्टीलची टोपी काढली, दाढेच्या मापाची. आत सिमेंट भरलं, दाढेवर ठेवली.

“चावा मॅडम. जोरात. समजा, सरांचं बोट हाय.”

सईला मोठं हसू आलं आणि हसता हसताच ती चावली. टोपी बसली. सुई नाही, ड्रिल नाही, किडीला हातसुद्धा नाही. मी चक्रावलो.

“डॉक्टर, कीड आतच राहिली? भिंतीला ओल असताना वरून रंग दिल्यासारखं झालं की!”

“किडीला जगायला साखर लागते सर. आता दार बंद. येणारं-जाणारं काय न्हाई. उपाशी राहील, झोपंल. आपल्याला ती सहा-सात वर्षं झोपलेली पाहिजे, बास. मग दाढ आपल्या पायानं जाईल.” आणि मग बोट वर करून, “ती आपणहून पडेपत्तुर हे काम झालं म्हणायचं न्हाई. मधीच दुखली, फुगली, काढावी लागली, तर मी हरलो.”

आज हे उपचार शहरोशहरी आहेत. त्यांना लांबलचक नावं आहेत, भिंतींवर कार्टूनं आहेत, मुलांसाठी घसरगुंडी आहे. परवा एका भाच्याच्या मुलाला घेऊन गेलो, तर तिथली तरुण डॉक्टरीण तेच चांदीचं औषध, तीच टोपी अगदी नीट समजावून सांगत होती. चांगली होती मुलगी. मी ऐकत होतो आणि माझी नजर सारखी तिच्या कोटावर जात होती. एकही डाग नव्हता. मला उगीचच एकटं वाटलं.

सई सहा-सात वर्षांची असताना आमच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली आणि आम्ही विष्णुपुरीच्या रस्त्याला राहायला गेलो. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा भाभी रडल्या, बायको रडली, मी ट्रकवाल्याला उगाच सूचना देत फिरलो. डॉक्टर बाहेर आले ते भिंग लावून. दाढ बघितली, टोपी बोटानं हलवून बघितली, सलाम केला आणि आत गेले.

मग त्यांचे फोन यायचे. ईदला, दिवाळीला, कधी मधेच. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“हाय का?”

“आहे.”

“दुखती?”

“नाही.”

फोन बंद. माझी आई गेली, मला चष्मा लागला, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तरी तो फोन आला की घरातला तो दिवस बरा जायचा. एके वर्षी दिवाळीला फोन आला नाही. मी केला तर लागला नाही. लातूरला गेलेल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की भाभी वारल्या, खालच्या दवाखान्यात आता अभ्यासिका आहे, पोरं डोकी खाली घालून बसलेली असतात, आणि डॉक्टरांना पुतण्यानं देगलूरला नेलं.

सई अकरा वर्षांची झाली. संक्रांतीला बायकोनं पाकाच्या वड्या केल्या होत्या. पाक नेहमीसारखा पुढं गेला होता. सईनं वडी चावली आणि थांबली. तोंडात बोट घातलं. तळहातावर दाढ आली, टोपीसकट.

“बाबा, पडली.”

“दुखलं?”

“अंहं. नुसती आली.”

आम्ही तिघंही त्या हाताकडं बघत बसलो. माझ्या क्लासचा एवढा मोठा निकाल कधी लागला नव्हता. सई म्हणाली, “डॉक्टरांना दाखवायला जाऊ.” बायकोनं डबा भरला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही देगलूरच्या एसटीत बसलो.

घड्याळाच्या दुकानात आता पुतण्या मोबाइल दुरुस्त करायचा. त्यानं मला बाजूला घेतलं. “चच्चा कुणाला ओळखत न्हाईत आता. मलाबी अधूनमधूनच. नाराज होऊ नका.” डॉक्टर मागच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते. शर्ट पांढरा, पूर्ण पांढरा. बोटंसुद्धा स्वच्छ, गोरी. त्या बोटांवरून मी त्यांना ओळखलं नसतं.

“तशरीफ ठेवा,” ते अदबीनं म्हणाले. “कुठल्या गावचे?”

“नांदेडहून आलो डॉक्टर. आधी लातूरला होतो, तुमच्या वरच्या—”

“हां हां. लातूर. मोठं गाव हाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “कुठल्या गावचे?”

मी पुन्हा नांदेड म्हणालो. सई पुढं झाली आणि तिनं दाढ त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती चिमटीत धरली. उजेडाकडं नेली, उलटी केली. डोळे बारीक झाले, मान तिरपी झाली, आणि आवाज एकदम जुना आला.

“मूळ पूर्ण विरघळलंय. आपल्या टायमाला पडलीय ही. कुणी काढलेली न्हाई.” मग टोपीवरून नख फिरवलं. “टोपी जरा मागं बसलीय. एवढी मागं नको होती. कुणी बसवली?”

सईनं माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. “लातूरला एक डॉक्टर होते.”

“बसवताना दुखलं होतं का?”

“नाही.”

“खरं सांगा मॅडम. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून सांगू नका.”

“खरंच नाही. मी हसत होते.”

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिच्या बोलण्याकडं नव्हे, दातांकडं. मग मान हलवली. “मग टोपी मागं बसली तरी चालतंय,” म्हणाले, आणि दाढ शर्टाच्या वरच्या खिशात टाकून खिशावर हात ठेवून बसले.

सईनं ती परत मागितली नाही.